पद्मिनीचा तिसरा रॉड: बेअरिंग का गेलं आणि इंजिन पुन्हा कसं बांधलं

गाडी १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी. चेंबूरच्या एका काकांनी ती नवी घेतली आणि अजून तेच चालवतात. रोजचा वापर नाही. रविवारी सकाळी ईस्टर्न फ्रीवेने फोर्टात जायचं, एक चक्कर मारायची आणि परत यायचं, एवढंच. त्यांची तक्रार अगदी नेमकी होती: फ्रीवेच्या बोगद्यात इंजिनातून टक-टक ऐकू येते, बोगदा संपला की येत नाही.

ठोका बोगद्याबाहेरही पडत होताच. मोकळ्या रस्त्यावर तो वाऱ्यात विरून जायचा, बोगद्यात भिंतींवर आपटून खिडकीतून आत यायचा. काकांना मी फोनवरच म्हटलं, "काका, आता चावी लावू नका. गाडी टो करून आणू." रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग ठोकायला लागल्यावर गाडी तशीच रेटली, तर एक दिवस रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. मग बांधायला इंजिनच उरत नाही.

हे प्रकरण सविस्तर मांडतोय त्याला कारण आहे. आपल्याकडे बेअरिंग गेलं की बेअरिंग बदलतात. शेलचा (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्यांचा) नवा सेट येतो, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) घासून होतो, आठवड्यात गाडी रस्त्यावर. पण बेअरिंग सहसा आपणहून जात नाही, त्याला कुणीतरी मारलेलं असतं. मारणारा इंजिनातच राहिला, तर नवा सेटही त्याच वाटेने जातो. या गाडीत मारणारे दोन निघाले, आणि त्यातला एक बरीच वर्षं गप्प बसून होता.

पद्मिनीचं इंजिन तसं साधं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि वर पुश रॉड. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी मेन बेअरिंग तीनच. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पाच असतात. फियाटची ही रचना आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात वर्षानुवर्षं तयार झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तिने किती किलोमीटर काढले याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. इंजिन दणकट आहे. तेलाच्या बाबतीत मात्र ते तडजोड करत नाही.

आधी ठोका नेमका कुठला ते पक्कं केलं. मेन बेअरिंगचा आवाज जड, खोल असतो आणि इंजिनावर ताण आला की वाढतो. बिग एंडचा, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा, ठोका त्याहून कोरडा आणि टणक. एका गतीवर गाडी धरून अॅक्सिलरेटर किंचित सोडला की तो सगळ्यात स्पष्ट कळतो. काका फ्रीवेवर नेमकं तेच करत होते. इंजिन जेमतेम ओळख पटेपर्यंत चालू केलं आणि एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिल्याची, दुसऱ्याची, चौथ्याची काढल्यावर आवाजात फरक नाही. तिसऱ्याची काढली आणि ठोका जवळजवळ गेला. स्फोटाचा दाब थांबला की सैल बेअरिंग आपटायचं कमी होतं, म्हणून ही जुनी चाचणी अजूनही कामाची आहे. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक ब्लॉकला लावूनही तेच उत्तर मिळालं.

मग तेल काढलं, आणि खरी गोष्ट तिथे सुरू झाली.

तेल काढायच्या आधी डिपस्टिक पाहिली होती. पातळी वरच्या खुणेच्याही वर. काका अभिमानाने म्हणाले, "अरे, माझी गाडी तेल अजिबात खात नाही. गेलं वर्षभर एक थेंब वरून घातलेलं नाही." पंचेचाळीस वर्षांच्या इंजिनाबद्दल असं ऐकलं की मला आनंद होत नाही, शंका येते. इतकं जुनं इंजिन थोडं तरी तेल खातंच: रिंगांमधून, व्हॉल्व्हच्या गाइडमधून, मागच्या सीलमधून. पातळी उतरत नसेल तर आत काहीतरी भर पडतेय. भर पाण्याची असेल तर तेल दुधाळ होतं. इथे ते काळं आणि पातळ होतं, डिपस्टिकवरून पाण्यासारखं ओघळत होतं. नाकाशी धरलं तर पेट्रोलचा भपकारा.

ट्रेमध्ये उतरवलेलं तेल भरलेल्या तेलापेक्षा सरळ जास्त निघालं. तळाला बारीक चमचम होती. चुंबक फिरवला तर त्याला काही चिकटलं नाही. म्हणजे ही चमचम लोखंडाची नव्हती, बेअरिंगच्या मऊ धातूची होती. बोटावर चोळली तर बहुतेक कण राखाडी, मधूनच एखादा तांबूस. तांबूस दिसला की समजायचं, शेलचा वरचा थर संपून खालचा उघडा पडलाय.

शेल कसं बनतं ते इथे सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं नीट लागत नाही. पाठीला पोलादाची पट्टी, तिच्यावर तांबं-शिशाचा थर, आणि सगळ्यात वर मऊ धातूचा अगदी पातळ मुलामा, साधारण दोन-अडीच शतांश मिलिमीटरचा. हा मुलामा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेलातून आलेला बारीक कण तो स्वतःत रुतवून घेतो आणि क्रँकला ओरखडा पडू देत नाही. इंजिन चालू असताना पिन (क्रँकचा रॉड बसतो तो गोल भाग) आणि शेल एकमेकांना टेकतच नाहीत. फिरणारी पिन तेलाला स्वतःबरोबर ओढून चिंचोळ्या जागेत कोंबते आणि त्या तेलावर उचलली जाते. ओल्या ओट्यावर पालथा ठेवलेला गरम ग्लास आपोआप सरकायला लागतो, तसंच काहीसं. सगळ्यात जास्त भार येतो त्या ठिकाणी ही तेलाची फिल्म काही मायक्रॉनच उरते. पंप फक्त तेल पोचवतो. भार पेलते ती फिल्म, आणि फिल्म किती जाड राहील हे तेलाच्या घट्टपणावर ठरतं. ५० ग्रेडच्या तेलाचा घट्टपणा १०० अंश सेल्सिअसला किमान १६.३ सेंटिस्टोक असावा लागतो. त्यात थोडं जरी पेट्रोल मिसळलं तरी तो आकडा झपाट्याने घसरतो. पंप ठणठणीत असला, पाइप मोकळे असले, तरी पिन शेलला घासायला लागते.

पेट्रोल आलं कुठून? चोक अडकला असेल, कार्ब्युरेटर ओसंडत असेल, किंवा टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या गाडीतल्या पंपाचा पडदा फाटला असेल. पहिले दोन ठीक होते. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो, कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवते आणि आतला पडदा वरखाली होतो. पंप काढून हाताने दांडी दाबली, तर पेट्रोल कार्ब्युरेटरकडच्या नळीबरोबर दांडीच्या बाजूनेही ठिबकलं. ती बाजू उघडते थेट इंजिनात. पडद्याचं रबर कडेला फुगलेलं आणि मधोमध तडकलेलं होतं.

अशा पंपांना पडद्याच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. पडदा फाटला तर पेट्रोल त्यातून बाहेर ठिबकावं आणि मालकाला वासाने कळावं, हा त्याचा उपयोग. या पंपाचं भोक वर्षानुवर्षांच्या तेलकट धुळीने बुजलेलं होतं. बाहेर थेंब नाही, वास नाही. सगळं पेट्रोल मुकाट्याने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पेटीत. इवलंसं भोक टाचणीने मोकळं ठेवलं असतं, तर हे इंजिन कदाचित उघडावंच लागलं नसतं.

पडदा का गेला याबद्दल लोक लगेच इथेनॉलकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. आपल्या पेट्रोलमध्ये जून २०२२ पर्यंत दहा टक्के इथेनॉल आलं, २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आणि सत्तरच्या दशकातल्या पंपाचं, नळ्यांचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. पण हा पडदा जुनाही होता. इथेनॉल नसतं तरी तो कधीतरी फाटलाच असता, इतक्या लवकर नाही एवढंच.

इंजिन बाहेर काढून स्टँडवर उलटं केलं, चेंबर खोलला, रॉडच्या कॅप (मोठ्या भोकाचा बोल्टने आवळलेला खालचा अर्धा भाग) एकेक उतरवल्या. आमचे मिस्त्री पद्मिनीच्या टॅक्सींवर आयुष्य घालवलेले. त्यांनी तिसरी पिन बोटाने चाचपली आणि म्हणाले, "पिनला पॉलिश पेपर मारू, नवे शेल टाकू. टॅक्सीला आम्ही रात्रीतून शेल टाकून सकाळी धंद्याला लावायचो." त्यांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं चुकीचं नव्हतं. टॅक्सी एक दिवस उभी राहिली की त्या दिवशीची चूल अडायची, आणि सहा महिन्यांनी पुन्हा शेल टाकावे लागले तरी ते परवडायचं. पण ही गाडी टॅक्सी नाही. तिला घाई नाही, आणि काकांना ती नातवाच्या हातात द्यायची आहे.

आठही शेल मी पांढऱ्या कागदावर क्रमाने मांडले. रॉडचा वरचा, खालचा. नंबर मार्करने पाठीवर. माझ्या मते पूर्ण कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि याच वेळी शेल भंगारात फेकले जातात.

चारही रॉडच्या वरच्या शेलांचा मध्यभाग तांबूस झाला होता. रॉडमध्ये स्फोटाचा भार वरच्या शेलवर येतो, त्यामुळे फिल्म पातळ पडली की तोच आधी झिजतो. झीज सारखी आणि गुळगुळीत होती. खोल ओरखडे नव्हते, रुतलेले कण नव्हते, म्हणजे कचरा हे कारण नाही. पिना निळ्या पडलेल्या नव्हत्या, म्हणजे तेल पूर्ण बंद झालं होतं असंही नाही. तेल पोचत होतं, पण त्यात दम नव्हता. मेनच्या खालच्या शेलांवरही हीच खूण होती, फिकट. इथवर पेट्रोलची कहाणी नीट जुळत होती.

तिसऱ्या रॉडचे शेल मात्र वेगळं काही सांगत होते. वरचा मध्यभागी पोलादापर्यंत गेलेला, तो तर जाणारच. पण दोन्ही शेलांच्या टोकांपाशी, जिथे वरचा आणि खालचा एकमेकांना भिडतात तिथे, दोन्ही बाजूंना घासून चकाकलेले पट्टे होते. बाकी तीन रॉडांच्या शेलांवर असा पट्टा कुठेच नाही. नुसत्या पातळ तेलाने तिथे झीज होत नाही. शेल कडेला आत फुगला असेल तरच होते.

कॅप हातात घेतली तेव्हा उलगडा झाला. कारखान्यात कॅपचा जोड मिलिंग किंवा ग्राइंडिंगने केलेला असतो, त्याच्या रेघा सरळ, एकसारख्या असतात. या कॅपच्या दोन्ही तोंडांवर तिरक्या, हाताने फिरवलेल्या कानशीच्या खुणा होत्या. काकांना विचारलं, तर थोडा विचार करून त्यांना आठवलं: खूप वर्षांपूर्वी कोल्हापूरला जाताना वाटेत असाच आवाज आला होता, आणि रस्त्यातल्या एका गॅरेजने दिवसभरात तो बंद करून दिला होता. "तेव्हापासून कधी त्रास नाही दिला बघ," ते म्हणाले.

त्या गॅरेजने काय केलं असेल ते उघड होतं. रॉडचं मोठं भोक कॅप बोल्टने आवळून मगच गोल केलेलं असतं, म्हणून कॅप आणि रॉड ही जोडी असते, अदलाबदल चालत नाही. बेअरिंग सैल झालं की कॅपची तोंडं घासायची, कॅप थोडी वर सरकते, सैलपणा जातो, आवाज बंद. हाताला घट्ट लागतं, मिस्त्री खूश, मालक खूश. पण भोक आता गोल राहिलेलं नसतं. शेलाची टोकं जागेपेक्षा मुद्दामच केसभर जास्त लांब ठेवलेली असतात, म्हणजे कॅप आवळल्यावर शेल रॉडला घट्ट बिलगतो आणि उष्णता पाठीतून निघून जाते. कॅप घासली की हीच टोकं गरजेपेक्षा जास्त दाबली जातात, शेल कडेला आत वाकतो आणि तिथे पिनला घासतो. बोअर गेजने मोजलं तर भोक उभ्यात आडव्यापेक्षा ०.०६ मिलिमीटरने कमी भरलं.

म्हणजे हिशेब असा लागला. तिसरा रॉड अनेक वर्षं चुकीच्या गोलाईत फिरत होता. तेल घट्ट होतं तोवर फिल्मने त्याला सांभाळून घेतलं. तेल पातळ झालं तेव्हा चारही बेअरिंग झिजली, पण ज्याच्याकडे काहीच शिल्लक नव्हतं ते आधी गेलं. नुसता पडदा बदलला असता तर तिसरा रॉड पुढे कधीतरी पुन्हा ठोकला असता. नुसते शेल आणि रॉड बदलले असते तर काही महिन्यांत चारही गेले असते.

क्रँक मशीन शॉपला दिला. तिसरी पिन ०.०९ मिलिमीटरने लंबवर्तुळाकार, बाकी तीन ०.०२ च्या आत. जुन्या शेलांच्या पाठीवर ०.५० चा शिक्का होता, म्हणजे पिना आधीच एकदा अर्ध्या मिलिमीटरने घासल्या होत्या. या इंजिनला शेल ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० या अंडरसाइजमध्ये, म्हणजे पिन तेवढी घासून बारीक झाल्यावर बसणाऱ्या मापांत, मिळतात. चारही पिना ०.७५ ला न्यायचं ठरवलं. एक पिन वेगळ्या मापाची ठेवली तर पुढे जो कुणी इंजिन उघडेल त्याला तो सापळा ठरतो. मेन जर्नल (क्रँकचे मेन बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मापात होते. त्यांना फक्त पॉलिश, आणि शेल नवे पण त्याच मापाचे.

घासायच्या आधी क्रँकवर तडा शोधणारा लाल डाय मारून घेतला. आधी साफ करायचं, डाय मारायचा, पुसायचा, मग पांढरी पावडर. तडा असेल तर लाल रेघ वर येते. आली नाही. शॉपवाल्याला एकच गोष्ट बजावून सांगितली: पिनच्या दोन्ही टोकांना, ती क्रँकच्या भिंतीला मिळते तिथली गोलाई जशी आहे तशी ठेवायची. चाकाने तिथे काटकोन पाडला की ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि क्रँक तिथूनच तुटतो. त्यांचं काम सुंदर निघालं. घासून आलेल्या पिना मी दोन टोकांना आणि काटकोनात अशा चार ठिकाणी मोजल्या, कुठेही ०.००५ च्या वर फरक नव्हता.

पण घासून आलेला क्रँक थेट इंजिनात घालायचा नसतो. मेनपासून पिनपर्यंत क्रँकच्या पोटातून तेलाची भोकं जातात. तीन मेनच्या क्रँकमध्ये सहसा मधलं मेन दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनला पाजतं. ग्राइंडिंगची दगडी पावडर या भोकांत जाऊन बसते. बुचं काढली, लांब ब्रश आणि रॉकेलने प्रत्येक भोक घासलं, हवा मारली, पुन्हा घासलं. पांढऱ्या कापडाचा बोळा ओढून काढला तर पहिल्या वेळी राखाडी आला. कोरा येईपर्यंत सोडलं नाही. ब्लॉकच्या तेलाच्या वाटांचंही तसंच. चमचमणारा तो मऊ धातू तिथे चिखलासारखा साचला होता. इंजिन बांधण्यात सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि नव्या शेलांचं आयुष्य बहुतांश यावरच ठरतं.

तिसऱ्या रॉडसाठी दोन वाटा होत्या. कॅप आणि रॉडची तोंडं मशीनवर सरळ करून भोक पुन्हा गोल करता येतं. किंवा दुसरा रॉड. मी दुसरा घेतला, कारण मुंबईत तो मिळतो. ३० ऑक्टोबर २०२३ ला शहरातली पद्मिनी टॅक्सी कायमची बंद झाली. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत. भंगारात गेलेल्या त्या गाड्यांची इंजिनं अजून कुर्ल्याच्या आसपास धूळ खात पडलेली आहेत. गाडी जिथे बनली, तिथेच तिचे अवयव सापडतात. मिळालेला रॉड भोकात गोल, बाक नाही, पीळ नाही. वजनात बाकीच्यांपेक्षा आठ ग्रॅम जास्त होता, ते कॅपच्या तळाच्या गाठीवरून उतरवलं. बोल्ट चारही रॉडांना नवे.

शेलांच्या खरेदीत मात्र वेळ गेला. सीएसटी रोडच्या दुकानांत ०.७५ चा सेट सहज मिळाला, चकचकीत डब्यात. पण शेलची जाडी मायक्रोमीटरने मोजली तर एकाच सेटमधल्या दोन शेलांत ०.०१५ चा फरक. पूर्ण क्लिअरन्सच चार-पाच शतांश असतो, त्यातला दीड शतांश शेलच्या जाडीतच हरवणार असेल तर क्रँक इतक्या निगुतीने घासून उपयोग काय? तो सेट परत केला. शेवटी एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावरून जुन्या स्टॉकचा सेट निघाला, मेणकागदात गुंडाळलेला. आठही एकसारखे. पाठीवर गंजाचा डाग नाही हे उजेडात फिरवून पाहिलं, कारण मुंबईच्या दमट हवेत माळ्यावरच्या पोलादाला तो लागायला वेळ लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. सिलिंडरची झीज मर्यादेत होती, होनिंग केलं आणि रिंगा नव्या टाकल्या. टॅपेट काढताना क्रमांक घातले आणि जिथले तिथेच परत बसवले. हेड सपाट करून घेतलं, व्हॉल्व्ह बसवून घेतले. तेलाच्या पंपाच्या झाकणावर गिअरांनी वर्तुळं कोरली होती. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते सपाट केलं, मग फीलर गेजने फट तपासली. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलली.

बेअरिंग बसवताना दर इंच व्यासाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फट हा जुना ठोकताळा मी धरतो. या पिनांना तो चार-साडेचार शतांशांच्या आसपास येतो. प्लास्टिगेजचा धागा (दाबला की फटीनुसार पसरणारा मऊ प्लास्टिकचा) पिनवर ठेवला, कॅप टॉर्क पान्याने पूर्ण आवळली, सोडली, पसरलेला धागा पट्टीशी ताडला. पहिला रॉड ०.०४५. तिसरा ०.०५. चौथा ०.०४५. दुसरा ०.०२५.

पिनचं माप बरोबर, शेलची जाडी बरोबर, भोक गोल. तरी दुसरा घट्ट. मिस्त्री म्हणाले, चालू झाल्यावर बसेल आपोआप. मी शेल काढला. रॉडच्या भोकात, शेलच्या खाचेजवळ, काळ्या वॉर्निशसारखा एक पापुद्रा चिकटून होता, जुन्या जळक्या तेलाचा, नखानेही न निघणारा. शेल त्याच्यावर बसून आत उचलला जात होता. सॉल्व्हंटने तो काढला, शेलची पाठ कोरडी पुसली (पाठीला तेल कधीही लावायचं नाही), पुन्हा धागा ठेवला. ०.०४. मिस्त्रींनी तो काळा पापुद्रा स्वतःच्या बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि मग आपणहून चौथ्या रॉडचं भोक पुन्हा पुसायला घेतलं.

प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहिला. कुठे जड लागला तर तो कोणत्या कॅपमुळे हे त्याच क्षणी कळतं.

पेट्रोल पंपाला इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा नवा पडदा, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या नळ्या त्याच जातीच्या, आणि ते बारीक भोक मोकळं. काकांचा कल इलेक्ट्रिक पंपाकडे होता. मी नको म्हटलं. तो लावायचा तर इंजिन बंद पडल्यावर पंप बंद करणारा स्विचही लावावा लागतो, नाहीतर अपघातात तो पेट्रोल ओततच राहतो. मूळ पंप नीट ठेवला तर तो पुरेसा आहे.

एक भर मात्र मी आग्रहाने घातली: तेलाच्या दाबाचा काट्याचा गेज. डॅशबोर्डचा लाल दिवा दाब अगदीच तळाला गेल्याशिवाय लागत नाही. या इंजिनची बेअरिंग तांब्यापर्यंत झिजली तरी काकांना तो दिवा फ्रीवेवर एकदाही दिसला नव्हता.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने फिरवलं, गेजचा काटा उठेपर्यंत. मगच प्लग लावले. २०डब्ल्यू-५० तेलावर, इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलला १५ पीएसआय आणि पन्नासच्या वेगाला ४५. ठोका नाही. रिंगा बसाव्यात म्हणून पहिले काही दिवस एकाच गतीवर न चालवता वेग कमी-जास्त करत चालवायला सांगितलं, आणि ट्रॅफिकमध्ये तासन्तास आयडल टाळायला.

तीनशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदलला. काढलेलं तेल पांढऱ्या कापडातून गाळलं, चमचम नव्हती, पेट्रोलचा वास नव्हता. हजार किलोमीटरला पुन्हा तेच. डिपस्टिकची पातळी आता थोडी उतरते. काका त्याने जरा खट्टू झाले, "पूर्वी खात नव्हती रे." त्यांना समजावलं की आता दिसतोय तो खरा आकडा, आणि दर रविवारी निघण्यापूर्वी पातळीबरोबर डिपस्टिकचा वासही घ्यायला सांगितलं.

या क्रँकला घासायला आता १.०० हे एकच माप उरलंय. म्हणून रॉड ज्या भंगारवाल्याकडे मिळाला त्याच्याकडूनच एक स्टँडर्ड मापाचा क्रँक घेऊन ठेवलाय, डाय मारून तपासलेला. वाकू नये म्हणून तो ग्रीस लावून, कापडात गुंडाळून, फ्लायव्हीलच्या बाजूवर उभा ठेवलाय. त्यालाच त्या इंजिनची बाकीची मापं लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे: पिना ०.७५, मेन जुन्याच मापात, तिसरा रॉड बदललेला.